‘त्याची दया सनातन आहे’ म्हणजे नेमकं काय?

वडील गेले त्या संध्याकाळी घरात माणसं मावत नव्हती. चर्चच्या मंडळीतले लोक, एसटीच्या वर्कशॉपमधले वडिलांचे जुने सोबती, गल्लीतले शेजारी. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, बायकांनी गीत म्हटलं. येणारा प्रत्येकजण आईचा हात हातात घेऊन काहीतरी बोलत होता आणि बहुतेकांचं बोलणं मायेचंच होतं. पण एका बाईंनी आईला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “विश्वासानं मागितलं असतं ना, तर प्रभूनं उठवलं असतं त्यांना.” आई काही बोलली नाही. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून तिनं काय काय मागितलं होतं ते मी ऐकलेलं होतं.

रात्री सगळे गेल्यावर तिनं आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. काळ्या रेक्झिनच्या कव्हरचं, कोपरे झिजलेलं, पानांना जुन्या कपाटाचा वास असलेलं. मला वाटलं आता तेविसावं स्तोत्र वाचेल, मेंढपाळाचं. आमच्याकडे आजारपणात, दफनाला, प्रवासाला निघताना तेच वाचतात. तिनं विलापगीत काढलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली. ओस पडलेलं शहर, विधवा झालेलं. रात्रभर रडतंय आणि डोळे पुसायला कुणी नाही. दहा मिनिटांनी मला ते ऐकवेना. मी म्हटलं, “आई, ते तिसऱ्या अध्यायातलं वाच ना. त्याची करुणा रोज सकाळी नवी होते, ते.” तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “येतंय ते. आधीचं वाचल्याशिवाय नको.”

ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाच्या कानावर ‘दया’ आणि ‘कृपा’ हे शब्द जन्मापासून पडत असतात. पत्राच्या शेवटी, प्रार्थनेच्या सुरुवातीला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. इतके पडतात की त्यांचा अर्थ विचारावा असं कधी मनातही येत नाही. मग एक दिवस घरातलं माणूस जातं आणि पहिल्यांदा प्रश्न पडतो: देवाची दया सनातन आहे, तर हे काय आहे? आणि ज्याला ख्रिस्ती माणूस ‘सांत्वन’ म्हणतो ते नेमकं कशाचं असतं? त्या रात्रीनंतर मी हे शब्द एकेक करून उलगडत बसले. जे हाती लागलं ते, ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही कळावं अशा बेतानं, इथं मांडते आहे.

पहिला शब्द ‘दया’. मराठीत दया बहुतेक वेळा वरून खाली येते. भिकाऱ्याची दया येते, मुक्या जनावराची दया येते. दया करणारा उंचावर असतो आणि त्याचं दया करण्याशी काही बांधलेलं नसतं. वाटलं तर करील, नाहीतर पुढे जाईल. पण बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, जिथं जिथं आपण ‘त्याची दया सनातन आहे’ असं वाचतो, तिथं मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेसेद’, यातला ह घशातून खरवडून काढायचा. हा शब्द जुन्या करारात सुमारे २५० वेळा येतो आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या स्तोत्रसंहितेत आहे. मराठी भाषांतरांनी त्याला कुठं दया म्हटलंय, कुठं वात्सल्य, कुठं प्रेमदया. एका शब्दात तो मावत नाही हे भाषांतर करणाऱ्यांनाही जाणवलेलं दिसतं.

हेसेद म्हणजे नात्यातली निष्ठा, दिलेल्या शब्दाला धरून राहणारं प्रेम. आणि त्यातही एक जास्तीचं काहीतरी: जेवढं करणं भाग होतं त्याच्याही पलीकडे जाणं. त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण देवाचं नाही, एका विधवा सुनेचं आहे. रूथ नावाचं छोटंसं पुस्तक जुन्या करारात आहे, चार अध्यायांचं. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलेल्या नामीचा नवरा तिथं मरतो, पुढं दोन्ही मुलगे मरतात, मागं राहतात दोन मवाबी सुना. नामी गावी परत निघते आणि सुनांना म्हणते, तुम्ही आपापल्या माहेरी जा, मी तुम्हाला आता काय देणार. अर्पा रडते आणि परत जाते. तिचं काही चुकलेलं नाही, पुस्तक तिला एका शब्दानंही दोष देत नाही. रूथ मात्र जात नाही. सासूजवळ आता ना घर, ना मुलगा, ना काही आशा, आणि तरी ही तिला चिकटून राहते. पुढं बवाज नावाचा माणूस रूथच्या वागण्याला जो शब्द वापरतो तो हेसेद. सोडून जायला पूर्ण मुभा होती, कारणही होतं, तरी ती गेली नाही. बायबल देवाबद्दल ‘दया सनातन आहे’ म्हणतं तेव्हा त्याला हे म्हणायचं असतं.

देवाच्या तोंडी स्वतःबद्दल हा शब्द येतो ती जागाही बघण्यासारखी आहे. निर्गम या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय. मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटून आलेल्या इस्राएली लोकांनी, त्यांचा पुढारी मोशे देवाच्या आज्ञांच्या पाट्या घ्यायला डोंगरावर गेलेला असताना, खाली सोन्याचं वासरू घडवलं, त्याच्यापुढं नाचले. मोशेनं दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या. करार होऊन काही आठवडे झाले होते आणि तो मोडलाही. त्यानंतर मोशे नव्या पाट्या घडवून पुन्हा वर चढतो आणि तिथं, त्या दुसऱ्या खेपेला, देव आपलं नाव पुकारतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हेसेदनं भरलेला. पापाचा हिशोबच होणार नाही असं तो म्हणत नाही, त्याच वाक्यात शिक्षेचीही गोष्ट आहे. पण हा शब्द उच्चारला गेला तो सगळं सुरळीत चाललेलं असताना नव्हे. पाट्यांचे तुकडे अजून खाली पडलेले असताना.

आणखी एक बारीक गोष्ट, मला फार आवडणारी. तेविसाव्या स्तोत्राच्या शेवटी आपण म्हणतो की देवाचं कल्याण आणि दया आयुष्यभर मला लाभतील. तिथलं हिब्रू क्रियापद ‘लाभणं’पेक्षा बरंच जोरदार आहे. शत्रू एखाद्याच्या मागं लागतो, पाठलाग करतो, त्यासाठी तेच क्रियापद बायबलमध्ये वापरतात. म्हणजे मेंढरू दरीतून चाललंय, पुढं मेंढपाळ आहे, आणि मागून हेसेद धावत येतंय.

दुसरा शब्द आहे ‘करुणा’. विलापगीतात दया आणि करुणा लागोपाठ येतात आणि आपण ते समानार्थी समजून पुढं जातो. करुणेसाठी मूळ शब्द आहे ‘रहमीम’. त्याचं नातं ‘रेहेम’शी आहे, आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. आपण मराठीत ‘पोटातली माया’ म्हणतो ना, अगदी ती. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिथंही हे पोट सुटलेलं नाही. नाईन गावच्या विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा वेशीबाहेर चालली होती. येशूनं त्या बाईला पाहिलं आणि त्याला कळवळा आला, असं लूक येशूचं चरित्र सांगणाऱ्या आपल्या शुभवर्तमानात लिहितो. तिथलं ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दापासून बनलेलं आहे. ग्रीक शिकवणारे हे समजावताना बराच वेळ घेतात. मराठी माणसाला एवढं सांगितलं की पुरे: त्याचं आतडं तुटलं.

होशेय संदेष्ट्यानं इसवी सनापूर्वी आठव्या शतकात देवाच्या तोंडी असंच एक बोलणं घातलंय. मी एफ्राइमला, म्हणजे माझ्या इस्राएलला, चालायला शिकवलं, दंडाला धरून. आता तुला कसा टाकून देऊ, माझं काळीजच उलटंपालटं होतं. न्यायाधीश बोलतोय की लेकराला पहिली पावलं टाकायला शिकवणारी आई, हे ठरवता येत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं अभंगांतून ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणून हाक मारली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं त्यांचं म्हणणं होतं. ख्रिस्ती उपासनेत हा शब्द बाहेरून आणून चिकटवलाय असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी होशेयचा अकरावा अध्याय वाचावा. माउली तिथं आधीपासून आहे.

आता विलापगीत, कारण मला खरं तर त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजांनी यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं. आधी लांबलेला वेढा, त्यात उपासमार. मग तट फुटला, मंदिर जाळलं, माणसं धरून नेली. विलापगीत म्हणजे त्या राखेत बसून रचलेल्या पाच कविता. त्यांची घडण विलक्षण आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कवितेत २२ कडवी आहेत आणि प्रत्येक कडवं पुढच्या पुढच्या अक्षरानं सुरू होतं, आपल्याकडं क, ख, ग, घ असं करत जावं तसं. मधली तिसरी कविता तिप्पट आहे, ६६ ओळी. तिथं प्रत्येक अक्षराला तीन तीन ओळी. पाचव्या कवितेत कडवी २२ च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे.

रडताना कुणी वर्णमाला कशाला लावेल, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं की दुःखाला काठ नसतो, आणि म्हणूनच त्या माणसानं स्वतःला एक कठडा बांधून घेतला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं बोलायचं, एकही अक्षर गाळायचं नाही, आणि शेवटच्या अक्षराला थांबायचं. पाचव्या कवितेत त्याला तेवढंही बळ उरलं नसावं.

तिसऱ्या कवितेची सुरुवात भीषण आहे. देवानं मला अंधारात चालवलं, माझी वाट दगडांनी बंद केली, अस्वलासारखा दबा धरून बसला, माझ्यावर बाण सोडले. शत्रूनं सोडले असं नाही, देवानं. सतराव्या-अठराव्या ओळीत तो म्हणतो की सुख म्हणजे काय हेही मी विसरलो, माझी आशा संपली. आणि विसाव्या ओळीनंतर तो एक गोष्ट मनाशी ‘आठवतो’. शब्द आठवण्याचाच आहे. त्याला काही दर्शन झालं नाही, शहर पुन्हा उभं राहिलं नाही, मेलेली माणसं परत आली नाहीत. वर्णमालेत आता ‘हेथ’ या अक्षराची पाळी आली, आणि हेथनं सुरू होणारा शब्द होता हेसेद. परमेश्वराच्या हेसेदमुळे आम्ही पुरते संपलो नाही. त्याची करुणा सरत नाही. ती रोज सकाळी नवी होते.

या ओळींवर गाणी झाली, तसबिरी झाल्या, वाढदिवसाची कार्डं झाली, आणि ते मला अजिबात खटकत नाही. पण कार्डावर त्या ओळी एकट्या असतात. पुस्तकात त्यांच्या आधी ५० ओळींचं रडणं आहे असं समजू नका, त्याहून पुष्कळ जास्त आहे, आणि नंतरही आहे. अठ्ठेचाळिसाव्या ओळीपर्यंत त्याच माणसाच्या डोळ्यांतून पुन्हा पाण्याचे पाट वाहायला लागलेले असतात. पुढच्या दोन कविता भुकेनं काळवंडलेल्या लोकांबद्दल आहेत आणि अगदी शेवटी पुस्तक ‘तू आम्हाला कायमचं टाकून दिलंस का’ अशा काळजीवर येऊन थांबतं. म्हणजे आशेची ओळ शेवटी येत नाही. दुःख आवरलं, मग विश्वास आला, असा तो क्रम नाही. ती मधोमध येते, चारही बाजूंनी विलाप असताना, आणि म्हटल्यावरही विलाप थांबत नाही. आई मला हेच सांगत होती, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

‘रोज सकाळी’ हाही साधा शब्दप्रयोग वाटतो, पण ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांना त्यातून रानातला मान्ना आठवला असेल. मिसर सोडल्यावर वाळवंटात लोकांना खायला काही नव्हतं, तेव्हा पहाटे दवाबरोबर जमिनीवर काहीतरी पांढरं, खवल्यांसारखं पडायचं. ते त्या दिवसापुरतं गोळा करायचं. दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवलं तर त्यात किडे व्हायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. त्या रात्री आई वाचता वाचता त्या ओळीपाशी पोचली तेव्हा मी तिच्या खांद्यावरून पानात पाहिलं. समासात पेन्सिलीनं, आजीच्या अक्षरात, एवढंच लिहिलेलं होतं: १९७२.

नगर जिल्ह्यात ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना या आकड्याची फोड करून सांगावी लागत नाही. विहिरी आटलेल्या, दुष्काळी कामावर खडी फोडायची, मजुरांना सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. आजीनं खडी फोडलेली होती, तिच्या डाव्या हाताचं एक नख कायमचं गेलं होतं. तिनं त्या ओळीपुढं ‘आभार’ लिहिलं नाही, ‘हे खरं आहे’ असंही लिहिलं नाही. फक्त साल. रोज सकाळी, त्या दिवसापुरतं.

हे झालं दयेचं. आता कृपा. नव्या करारात हा शब्द सगळ्यात जास्त वापरला तो प्रेषित पौलानं, मंडळ्यांना लिहिलेल्या आपल्या पत्रांत, आणि त्याचा गाभा असा की जे मिळालं ते कमावलेलं नाही. पगार नाही, बक्षीस नाही, दान आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण मानायला फार कठीण, विशेषतः सरळ वागणाऱ्या माणसाला. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते, परत येतो. मला त्यातल्या दोन जागा दाखवायच्या आहेत.

पहिली. परतताना मुलगा बापापुढं काय बोलायचं ते पाठ करतो. तीन वाक्यं आहेत: मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेव. घर दूर असतानाच बाप त्याला पाहतो, त्याचं आतडं तुटतं (इथंही तेच क्रियापद आहे) आणि तो पळत सुटतो. मिठी मारतो, मुके घेतो. मुलगा बोलायला लागतो, पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं. तिसरं येतच नाही. बाप मध्येच नोकरांना हाका मारायला लागलेला असतो: झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडे घाला. मजुरीचा सौदा बोलायला जागाच राहत नाही. कृपेची याहून चांगली व्याख्या मला कुठं सापडली नाही.

दुसरी जागा मोठ्या भावाची. तो शेतावरून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे आपण वाचताना विसरतो. मोठा म्हणतो, इतकी वर्षं मी तुझी चाकरी करतोय. ग्रीकमध्ये शब्द गुलामीचा आहे. घरातच राहून, बापाच्या शेजारी जेवून, तो स्वतःला इतकी वर्षं राबणारा गडी समजत होता. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली मुलगी, रविवारची शाळा कधी चुकवली नाही, आणि वडिलांच्या आजारपणात माझ्या मनात जे यायचं ते शब्दशः मोठ्या भावाचं होतं: आम्ही एवढं सगळं केलं, आणि आम्हालाच हे? माझा विश्वास पगाराच्या हिशोबावर चालला होता हे मला तेव्हा कळलं.

कृपेच्या या प्रश्नावरून चर्च दुभंगलंही. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला मार्टिन ल्यूथरनं पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेतले, तिथून प्रॉटेस्टंट चळवळ उभी राहिली. त्यावरच्या वादांत रक्तही पुष्कळ सांडलं. बरोबर ४८२ वर्षांनी, १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन आणि कॅथलिक चर्चनं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यातलं मुख्य म्हणणं असं की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नाही, आणि त्या कृपेतूनच चांगलं वागण्याचं बळ येतं. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण वसईत मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाणारी बाई आणि नगरच्या चर्चमध्ये बसणारी माझी आई या एका वाक्यावर आज एकत्र उभ्या राहू शकतात. मग वाटेल तसं वागावं का, कृपा आहेच, हा प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला असावा, कारण रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्यानं तो स्वतःच काढून तिथल्या तिथं उडवून लावलाय. ज्याला बापानं पळत येऊन मिठी मारली तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटणी मागेल का, एवढाच विचार केला तरी उत्तर मिळतं.

आता त्या बाईंचं वाक्य. विश्वासानं मागितलं असतं तर. मी त्यांच्यावर रागावले होते, आता नाही. पण हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते शोक झालेल्या घरात बोललं जातं म्हणून स्पष्ट सांगायला हवं. पौलाला शरीरात काहीतरी जाचत होतं, तो त्याला काटा म्हणतो. काय होतं ते त्यानं लिहिलेलं नाही. ते जावं म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. ते गेलं नाही. उत्तर आलं, “माझी कृपा तुला पुरे आहे.” पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? खुद्द येशूनं गेथशेमाने बागेत मरणाच्या दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली, आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, देवा, तू मला का सोडलंस. ख्रिस्ती श्रद्धेचं मला सगळ्यात धीर देणारं अंग हेच आहे. विलापगीत वाचणारा माणूस देवाच्या विरोधात बोलत नसतो. देवाचा पुत्रही ते म्हणून गेलाय.

लाजाराच्या घरची गोष्ट बघा. लाजार मेला, चार दिवस झाले, मग येशू आला. लाजाराची बहीण मार्था गावाबाहेर जाऊन येशूला भेटली आणि म्हणाली, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरीया आली, पाया पडली आणि शब्द न् शब्द तेच म्हणाली. एकच वाक्य. मार्थाशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलला, तिला बोलायचं होतं. मरीयेला त्यानं काही समजावलं नाही. कबर कुठंय एवढं विचारलं आणि रडला. थोड्याच वेळात लाजाराला हाक मारून कबरेतून उठवायचं आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. सांत्वनाला कसं जावं हे शिकायचं असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुरेसा आहे. काहींना शब्द लागतात, काहींजवळ नुसतं रडावं लागतं, आणि कुणाला काय लागतं हे बघण्याइतका वेळ तरी दारात थांबावं.

पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात विचारतो, ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला कोण दूर करील? आणि यादी देतो: संकट, क्लेश, छळ, उपासमार, नग्नता, आपत्ती, तलवार. सात गोष्टी. त्या येणार नाहीत असं तो म्हणत नाही. उलट मध्येच चव्वेचाळिसाव्या स्तोत्रातली एक ओळ घालतो, दिवसभर आमचा वध होतोय, कापायच्या मेंढरांत आम्हाला धरलंय. ते स्तोत्र म्हणजे देवाला ‘ऊठ, झोपलास का’ असं विचारणारा विलाप आहे. त्याच्या पाठोपाठ त्याचं प्रसिद्ध वाक्य येतं की मरण, जीवन, आत्ताचं, पुढचं, काहीही देवाच्या प्रेमापासून आपल्याला तोडू शकणार नाही. इथंही तीच घडण, विलापाच्या पोटात आशा.

१५६३ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये ख्रिस्ती शिकवणीची एक प्रश्नोत्तरावली तयार झाली, १२९ प्रश्नांची, वर्षाच्या ५२ रविवारी वाटून शिकवता येईल अशी. पहिला प्रश्न देव कोण हा असेल असं वाटतं. तो आहे: जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तराची सुरुवात अशी की मी माझा नाही, जिवानं आणि शरीरानं, जगताना आणि मरताना, मी येशू ख्रिस्ताचा आहे. मी त्याला किती घट्ट धरलंय याचा त्यात उल्लेख नाही. डायलिसिसच्या खुर्चीत वडिलांना शेवटी शेवटी प्रार्थनेचे शब्दही आठवत नव्हते, आणि मला त्याची फार भीती वाटायची. हे उत्तर वाचल्यावर ती भीती गेली. धरलेलं त्यांनी नव्हतं.

मराठी बायबलात पवित्र आत्म्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानात एक सुंदर शब्द आहे, ‘कैवारी’. ग्रीक शब्दाचा अर्थ शेजारी उभं राहायला बोलावलेला असा आहे, आणि सांत्वनाचा ग्रीक शब्दही त्याच कुळातला. आपला कैवार घेणारा तो कैवारी. कुणी आपल्याला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ म्हणत असताना आपल्या बाजूनं उभा राहणारा.

शेवटी एकशे छत्तिसावं स्तोत्र. २६ ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या मागं तेच ध्रुपद: कारण त्याची दया सनातन आहे. पुढच्यानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं, अशी ती बांधणी आहे. भजनात बसलेल्या कुणालाही ती लगेच उमजेल. आकाश केलं, सूर्य केला, समुद्र दुभंगला, राजे पाडले. आणि सगळं झाल्यावर, शेवटून दुसऱ्या ओळीत, एकदम साधी गोष्ट येते: तो सगळ्या प्राणिमात्रांना अन्न देतो. समुद्र दुभंगण्याचं आणि ताटातल्या भाकरीचं ध्रुपद एकच.

आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना वडील करायचे. लहान, ठरलेली, इतकी सवयीची की आम्ही आमेन म्हणता म्हणता भाकरी मोडायचो. ते गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस शेजारपाजारहून डबे येत होते, कोण कधी जेवतंय कुणाचं लक्ष नव्हतं. मग एका रविवारी उपासनेहून आल्यावर आईनं स्वतः वरणभात केला, ताटं घेतली, आणि आम्ही सगळे बसलो. कुणीच सुरुवात करेना. धाकटा भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी ताटाकडे. वडिलांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. आईनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि तिचा आवाज फुटेना. बराच वेळ गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, “त्याची दया सनातन आहे.” तिला त्याच्या आधीची ओळ म्हणता आली नाही, आम्हालाही सुचली नाही. आम्ही मागून तेवढंच म्हटलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, “जेवा आता. वरण निवतंय.”